कोंबड्यांचं पाकीट

गेल्या रविवारी चर्चमध्ये उपासना सुटल्यावर पंच कमिटी बसली. चहा आला, खारी आली आणि सेक्रेटरींनी विषय वाचला : 'मंडळीत आत्मिक थंडपणा आला असल्याने संजीवन सभा घेणेबाबत विचार करणे.' थंडपणा आलाय यावर कोणाचंच दुमत नव्हतं. दहा मिनिटांत अंदाजपत्रकही झालं. शाळेच्या पटांगणात तीन दिवस मंडप, साउंड, एलईडी स्क्रीन, बाहेरगावचे वक्ते, त्यांची गाडी, लॉज, मानधन, गाणाऱ्यांचा संच, शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवण. बेरीज १,८०,००० रुपये. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी खजिनदार.

"भाऊसाहेब, तुमचं काय म्हणणं?"

"बघतो," म्हणालो आणि कप उचलला. चहासुद्धा थंडच झाला होता.

मी एसटीत ३१ वर्षं डेपोच्या अकाउंट्सला होतो. कंडक्टरचं वेबिल आणि भरणा जुळतोय का ते बघायचं, एवढंच काम. दोन रुपये कमी आले तरी माणूस खिडकीशी उभा. त्या सवयीमुळेच असेल, २०११ साली मला मंडळीचा खजिनदार केलं, ते अजून कोणी काढलं नाही. (मंडळी म्हणजे चर्चची. घरच्या मंडळींच्या डब्यातल्या पैशांना हात लावायची मला परवानगी नाही.) पाळकसाहेब उपदेशात काय म्हणतात ते सगळे ऐकतात. वही काय म्हणते ते मी एकटा वाचतो.

गेल्या वर्षी आम्ही वकिलाला ६४,००० रुपये दिले. जुन्या मिशनच्या जागेचा दावा आहे, आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांवर घातलेला. वादी खिडकीकडच्या बाकांवर बसतात, प्रतिवादी दाराकडच्या. प्रभुभोजनाच्या रविवारी दोघंही पुढे येऊन गुडघे टेकतात, पण मध्ये दोन माणसं येतील अशा बेतानं. त्याच वर्षी विधवा मदत निधीतून गेले ९,५०० रुपये, आणि त्यातलेही १,५०० कोणत्या बाईला द्यायचे यावर दोन मीटिंगा झाल्या.

हंगामाचा सण तर बघण्यासारखा असतो. लोक ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबड्या, कोणी एखादं करडू घेऊन येतात. वेदीपुढे रास लागते. उपासनेनंतर लिलाव. पूर्वी गरिबालाही एखादी मेथीची जुडी बोलता यायची. मागच्या वेळी एक दुधी ५,१०० रुपयांना गेला, कारण खिडकीवाल्यांनी ५,००० बोलले होते. घेणाऱ्याच्या घरी दुधी कोणी खात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग उरतं लग्न. 'ख्रिस्तात सगळे एक' हे वचन आमच्या लग्नपत्रिकेवर छापलेलं असतं, आणि ती पत्रिका छापायच्या आधी समोरचे मूळचे कोण, कुठल्या वस्तीतले, याची चौकशी दोन्हीकडून पूर्ण झालेली असते. मीही माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी केली. उगाच साळसूदपणा कशाला?

कमिटीत मात्र थंडपणाचं खापर तरुणांवर फुटलं. पोरं उशिरा येतात, हिंदी गाणी म्हणतात, टाळ-तबला सोडून कीबोर्ड वाजवतात, मोबाईलवर बायबल वाचतात म्हणून सांगतात आणि भलतंच बघतात. मलाही जुनी भजनंच आवडतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद सुरू झालं की आवाज आपोआप वर जातो. पण कीबोर्डमुळे मंडळी थंड झाली असती तर वकिलाची फी कीबोर्डच्या आधीपासून कशी चालू आहे?

आम्ही नगरची, मराठी मिशनची माणसं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात नगरच आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले, १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघायला लागलं. आमचे खापरपणजोबा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. गावात अजून कोणी भांडणात म्हणतं, भाकरीसाठी बाटले. असतील. पण दुष्काळ संपला, भाकरी दुसरीकडेही मिळायला लागली, तरी ते राहिले. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी उसने घेतलेले दोन पायली बाजरीचे दाणे सावकाराच्या दारात नेऊन टाकले, सावकार विसरला होता तरी, अशी गोष्ट आजी सांगायची. खरी-खोटी देव जाणे. लहानपणी मला ती फार कंटाळवाणी वाटायची. दुसऱ्या पोरांच्या आज्यांच्या गोष्टीत भुतं असायची.

आता केडगाव. नगरकराला केडगाव म्हटलं की शहराला लागून असलेलं केडगाव आठवतं. मी म्हणतो ते दौंडच्या पुढचं, पुण्याच्या गाडीवरचं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. गेल्या फेब्रुवारीत आमच्या महिला संघाची सहल मुक्तीला गेली. ५२ बायका, एक बस आणि हिशेबाला एक पुरुष. बसमध्ये दोनदा डबे उघडले, सात वेळा भजन झालं, आणि ड्रायव्हरला तीन वेगवेगळ्या बायकांनी वेगवेगळा रस्ता सांगितला.

रमाबाई आमच्या घराघरात माहीत असतात, पण कशा? पुण्यातली शारदा सदनाची, विधवांची कैवारी, विदुषी. सगळं खरंच. पण मला त्यांची एक गोष्ट तिथं गेल्यावर नीट उमजली. १८८३ मध्ये त्यांचा इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. आणि नंतर त्यांनीच लिहून ठेवलंय की त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी मोठी बाई, संस्कृत पाठ, इंग्लंड-अमेरिका पालथी घातलेली, जिच्या नावावर देणग्या येत होत्या, ती हे छापून सांगते. आमच्या कमिटीतलं कोणी असं म्हणेल? मी म्हणेन?

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या. पुढे तिथं हजारावर मुली-बायका राहत होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबलही त्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं. बाई १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं.

पण मला सांगायचंय ते १९०५ चं. त्या वर्षी जानेवारीत रमाबाईंनी विचारलं, रोज एकत्र बसून प्रार्थना करायला कोण येतं? सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या, दिवसातून दोनदा बसायच्या. बाहेरचा वक्ता नाही, मंडप नाही. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला एक मुलगी जागी झाली. तिच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून तिच्या शेजारची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा ८ वा अध्याय समजावून सांगत असताना मुली हमसून रडायला लागल्या, मोठमोठ्याने आपापली पापं कबूल करायला लागल्या. शाळेचे तास बंद पडले. शिकवणं, जेवणखाण, सगळं बाजूला राहिलं. हे सगळं अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर झालेल्या प्रसिद्ध संजीवनाच्या आदल्या वर्षीचं. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स बाईंनी त्याबद्दल पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या वालपराइसोला त्यांच्या मैत्रिणीकडे पोचली, आणि १९०९ मध्ये तिकडे पेटलं. दौंड तालुक्यातून थेट चिलीला.

हे आम्हाला तिथल्या एक म्हाताऱ्या ताई सांगत होत्या. ज्वाळा आणि बादली म्हटल्यावर आमच्या बायकांनी "आमेन, आमेन" केलं. मी मात्र 'कबूल करायला लागल्या' इथंच अडकलो होतो. काय कबूल केलं असेल त्या पोरींनी? दुष्काळातून उचलून आणलेल्या, बारा-चौदा वर्षांच्या. कोणी शेजारणीची भाकर उचलली असेल, कोणी दुसरीचं नाव सांगून तिला मार खायला लावला असेल.

दुसरीचं नाव सांगून. बसमध्ये परतताना मी खिडकीशी बसलो. आमची मंडळी, म्हणजे घरची, म्हणाली, "डबा नको? पित्त झालं का?" मी हो म्हणालो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं, कारण इथं यायला पाय उचलत नव्हता.

आमच्या चर्चमध्ये एक घंटा वाजवणारे मामा होते. पोरं त्यांना घंटामामाच म्हणायची. नऊला पहिली घंटा, साडेनऊला दुसरी. मी सायकलवर निघालेला असलो की घंटेवरून कळायचं पायडल किती जोरात मारायचं. झाडणं, बाकं पुसणं, दिवाबत्ती, मयताला खड्डा खणायला माणसं बोलावणं, सगळं तेच. महिन्याला मिळायचे १,२०० रुपये. ते व्हाउचर मीच लिहायचो.

२०१७ च्या नोव्हेंबरात हंगामाचा सण झाला. लिलावाच्या चिठ्ठ्यांची बेरीज ३८,६५०. वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत बसून रोकड मोजली, ३४,४५०. परत मोजली. ४,२०० कमी. एसटीत असं झालं की कोणाच्या तरी पगारातून कापायचं असतं. इथं काय कापणार? सेक्रेटरींनी विचारलं, "आत कोण कोण होतं?"

मी आरोप केला नाही. अजूनही स्वतःला हेच सांगतो, आरोप केला नाही. फक्त एवढंच म्हणालो, "आपण दोघं. आणि मामा आत-बाहेर करत होते, बाकं ठेवायला."

झालं. एवढ्याशा गावात याच्यापुढे काही बोलावं लागत नाही. मामांना कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर तरी दिलं असतं. फक्त वेस्ट्रीच्या दाराला कुलूप लागायला लागलं, आणि मामा झाडायला गेले की कोणीतरी उगाच आत डोकावून जायचं. तिसऱ्या रविवारी मामांनी किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला, घंटेची दोरी गुंडाळून वर ठेवली आणि निघून गेले. त्यांचा मुलगा तरुण संघात ढोलकी वाजवायचा, तोही बंद झाला. तेव्हापासून जो आधी येईल तो घंटा वाजवतो. कधी पावणेनऊला वाजते, कधी वाजतच नाही.

मार्चमध्ये ऑडिटसाठी मी पावतीपुस्तकं काढली. एका पुस्तकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, पुठ्ठ्याच्या मागे, पिवळं पाकीट. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'कोंबड्या'. आत ४,२०० रुपये.

मग सगळं आठवलं. कोंबड्या उपासनेत ओरडतात, म्हणून त्यांचा आणि करडाचा लिलाव आधीच बाहेर लिंबाखाली उरकला होता. तो पैसा मीच वेगळा ठेवला होता. नीट, व्यवस्थित, पाकिटावर नाव घालून.

त्या रात्री मी काय केलं ते लिहितो. कीर्द उघडली आणि जमेच्या बाजूला लिहिलं : 'गुप्त दान, ४,२००'. हिशेब जुळला. ३१ वर्षं ज्यानं कंडक्टरांना दोन रुपयांसाठी उभं केलं, त्यानं दोन शब्दांत भरणा जुळवला.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ ठीक. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी अहवाल वाचला, आणि पाळकसाहेबांनी त्या अज्ञात दात्यासाठी प्रार्थना केली. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो. बाहेर चपला घालताना माझ्या कानावर आलं, "मामांनीच गुपचूप आणून टाकले असतील. बरोबर ४,२०० कसे? मन खात असेल." म्हणजे माझ्या त्या दोन शब्दांनी मामांवर शिक्काच मारला. आधी नुसता संशय होता.

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो. त्यानंतर मी किती वेळा उभं राहून साक्ष दिली, किती वेळा शास्त्रपाठ वाचला. मत्तयाच्या ५ व्या अध्यायातलं, दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करून ये, हे तर मी दान गोळा करायच्या आधी दोनदा वाचून दाखवलंय. आवाज माझा चांगला आहे, सगळे म्हणतात. पाळक दोन बदलले, सेक्रेटरी बदलले, पाकीट माझ्या कपाटात, साडीच्या दुकानाच्या एका जुन्या पिशवीत. फाडून का टाकलं नाही, कोण जाणे. हिशेबाच्या माणसाला व्हाउचर फाडवत नाही.

केडगावहून आल्यावरसुद्धा मी पाच महिने काही केलं नाही, हेही लिहून ठेवतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मुक्तीला गेला आणि दुसऱ्या दिवशी बायबलातल्या जकातदार जक्कयासारखा पश्चात्ताप करून झाडावरून उतरला. तसं काही झालं नाही. पेन्शनचं काम, नातवाचं बारसं, मोतीबिंदू, रोज काहीतरी निघायचं. परवाच्या मीटिंगमध्ये १,८०,००० ची बेरीज माझ्यापुढे आली तेव्हा मात्र मला हसू आलं, आणि मग दोन रात्री झोप आली नाही. मंडळीत थंडपणा का आलाय ते शोधायला हे लोक बाहेरगावाहून गाडी करून माणूस आणणार, आणि त्याच्या मानधनाच्या व्हाउचरवर सही माझी.

घरी सांगितलं. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांची बायको मला बाजारात दिसली की मी रस्ता बदलायचे. चोराची बायको म्हणून." आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि मी मागितलं नाही.

गुरुवारी सकाळी मामांकडे गेलो. वस्तीच्या टोकाला पत्र्याची दोन खोल्यांची जागा. मामा अंगणात बाज विणत होते. नवी सुती नवार, एक पट्टी वर, एक खाली. मला बघून उठले नाहीत, पण "या भाऊसाहेब" म्हणाले. बसायला दुसरं काही नव्हतं, बाज तर अर्धी. मी उभाच.

"आलाच आहात तर हे टोक धरा," म्हणाले. "ताणून."

मी नवारीचं टोक धरलं आणि ताणून धरलेल्या अवस्थेतच सगळं सांगितलं. कोंबड्या, लिंबाचं झाड, पुठ्ठा, गुप्त दान. मामा विणत राहिले. एक पट्टी वर, एक खाली. मध्येच म्हणायचे, "ढिल सोडू नका." माझं बोलून झालं तरी त्यांचं चालूच होतं. शेवटच्या पट्टीची गाठ मारली, दाताने सूत तोडलं आणि विचारलं,

"पाकीट कसलं होतं?"

"पिवळं. पगाराचं असायचं तसलं."

खिशातून काढून दाखवलं. त्यांनी हात पुसला, पाकीट घेतलं, लांब धरून वाचलं. "कोंबड्या," म्हणाले. उलटं करून मागची बाजू बघितली, तिथं काही नव्हतं. परत दिलं.

मी माफी मागितली. रविवारी सगळ्यांपुढे उभा राहून सांगतो म्हणालो. मामांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही.

"लोकांना सांगा नाहीतर राहू द्या," ते म्हणाले. "माझ्या पोराला सांगा. त्याला पोरं ढोलकी वाजवू देईनात. घरी येऊन मला म्हणाला, बाबा खरं सांगा, घेतले का? मी नाही म्हणालो. त्याला पटलं का नाही, मी कधी विचारलं नाही."

"कधी भेटेल?"

"चाकणला कंपनीत आहे. शनिवारी रात्री उशिरा येतो, रविवारी दुपारच्या गाडीनं जातो. सकाळी नऊ-दहाला या. तेवढाच असतो."

बाजेवर हात दाबून बघत ते म्हणाले, "बसून बघा, ढिली आहे का." मी बसलो. ढिली नव्हती. आतून चहा आला. त्यांच्या बायकोनं कप माझ्या हातात न देता बाजेच्या कडेला ठेवला.

हे सगळं लिहू का, असंही मी त्यांना विचारलं. "नाव नका टाकू," म्हणाले. म्हणून नाव नाही, गावही नाही.

आज शुक्रवार. रविवारी उपासनेनंतर मला संजीवन सभेचं अंदाजपत्रक कमिटीपुढे ठेवायचंय. मघाशी सेक्रेटरींना फोन केला आणि सांगितलं की रविवारी सकाळी मी नसेन, वही आमच्या घरून मागवून घ्या, दानाची थैली दुसऱ्या कोणाला फिरवायला सांगा.

"असं कसं, भाऊसाहेब? तब्येत बरी ना?"

"बरी आहे. हंगामाचा हिशेब राहिलाय."

"हंगामाचा? अहो, तो तर नोव्हेंबरात मांडला तुम्ही. कुठल्या सालचा?"

मी सांगितलं, २०१७ चा.